तू पुढे हो

आलमबाग, लखनौ
गुढीपाडवा, ९ एप्रिल २०२४

प्रिय अनघे,

पाडव्याच्या शुभेच्छा तुला, तुझ्या गुडघ्याला आणि तुझ्या त्या खडूस बोक्याला. आम्ही इकडे धडधाकट आहोत, तूही तशीच असशील असं धरून चालते.

तुझं पत्र होळीच्या आधीच आलं होतं. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल काय बोलायचं ते बोलून घे. बाई, जगात आता पत्र लिहिणारी तू एकटीच उरली आहेस. फोन केला तर "नीट लिहून कळव" म्हणून ठेवून देतेस. भूगोलाच्या बाईंपुढे कुणाचं चालतंय!

घरची खबरबात अशी. बाल्कनीत गुढी उभारली. शेजारच्या चंद्रप्रभाजींनी दरवर्षीप्रमाणे विचारलं, "बहनजी, ये लोटा उल्टा क्यों टाँगती हैं?" मीही दरवर्षीप्रमाणे एक नवं कारण ठोकून दिलं. आदेशला हवाई दलातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी रोज सकाळी सहाला तो घराची हजेरी घेतो. स्नेहा चोवीस वर्षांची झाली, हायकोर्टात एका वकिलांच्या हाताखाली काम शिकते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. कडुनिंबाची गोळी तोंडात टाकून म्हणाली, "इतना कड़वा खिलाकर हैप्पी न्यू ईयर?" माझं रेल्वेतलं सिग्नलचं काम आहे तसंच आहे. उन्हाळा लागला की यंत्रंही माणसांसारखी चिडतात.

आता मुख्य बातमी. मी पुन्हा डोंगरावर निघाले आहे. २५ मेला, कुमाऊँत, पिंडारी हिमनदीच्या वाटेवर. आठ दिवस, चौदा माणसं. इथल्या अमीनाबाद बाजारात विक्रम नावाचा एक जण आहे. घरचं कापडाचं दुकान, पण उन्हाळ्यात ते भावावर टाकून हा लोकांना पहाडात घेऊन जातो. मी पडद्याचं कापड घ्यायला गेले आणि पिंडारीला नाव नोंदवून आले. कापड राहिलंच.

तू विचारशील, सत्तावीस वर्षांनी आत्ताच काय झालं? काही नाही. एक्कावन्नावं चालू आहे, पाय चालतात तोवर जाऊन यावं म्हटलं. तब्येत उत्तम आहे. थोडं बीपी, ते आपल्या वयात कुणाला नसतं?

सरावाचीच पंचाईत आहे. लखनौ परातीसारखं सपाट. शेवटी मला आलमबागच्या मेट्रो स्टेशनचा जिना सापडला. चौऱ्याऐंशी पायऱ्या. पाठीवर सॅक, सॅकमध्ये स्नेहाची कायद्याची पुस्तकं, आणि पहाटे साडेसहाला मी वर-खाली, वर-खाली. पहिल्या दिवशी तिथला गार्ड हरिहर काळजीनं धावत आला. "मैडम, एस्केलेटर चालू है।" म्हटलं, मला माहीत आहे. त्याला काही ते पटलं नाही. आता सवय झाली आहे, माझ्या फेऱ्या तोच मोजतो आणि जाताना हाक मारतो, "आज बारह हुआ!"

सामान शोधताना माळ्यावर ती शिट्टी सापडली. आपल्या गिर्यारोहण मंडळाची, शेवटच्याची. तिची दोरी कुजली आहे, पण आवाज तसाच. विक्रमला मी आपला नियम सांगितला: रांगेत सगळ्यात शेवटी एक पक्का माणूस. शिट्टी त्याच्याकडे. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला त्यानं ओलांडायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. आणि रात्री वहीत दिवसाची हकिगत लिहायची तीही त्यानंच, कारण कोण कुठे थांबलं हे फक्त त्यानं पाहिलेलं असतं. विक्रमला हे फार आवडलं. "दीदी, ये तो हम भी करेंगे," म्हणाला.

तू लिहिलंस की जूनच्या शिबिरात नव्या पोरांना पुन्हा साल्हेर गडावरची गोष्ट सांगणार आहेस. अनघे, दरवर्षी कशाला? पोरांसमोर स्वतःला मूर्ख म्हणवून घ्यायची काय हौस आहे तुला? या वर्षी दुसरं काहीतरी सांग. होकायंत्र शिकव.

बोक्याला दूध, तुला प्रेम.

तुझी,
चारू


आलमबाग, लखनौ
रविवार, २८ एप्रिल २०२४

प्रिय अनघा,

पत्र आणि पार्सल दोन्ही शनिवारी मिळालं. वही सुरेख आहे. वर तुझ्या त्या फळ्यावरच्या अक्षरात "शेवटच्यानं लिहायची" वाचलं आणि मी ती पुन्हा कागदात गुंडाळून ठेवली.

तुझं पत्र मात्र उघडंच आहे, टेबलावर. तू लिहितेस: "चारू, तू पुन्हा चढणार हे वाचून मी शाळेत सगळ्यांना पेढे वाटले. सत्तावीस वर्षं मला एकच खंत होती. त्या दिवशी साल्हेरच्या पायऱ्यांवर मी तुला 'तू पुढे हो' म्हटलं, मग शहाणपणा करून एकटीच चढायला गेले आणि पडले. माझा पाय गेला तो गेला, पण माझ्यामुळे तुझा डोंगर सुटला. सगळ्यांची बोलणी तू खाल्लीस. आता मला मोकळं वाटतंय."

तू पेढे वाटलेस. 

इकडे ऊन भयंकर आहे. अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही नसतं. गेल्या आठवड्यात मोठी आंधी आली, मलिहाबादच्या बागांत कैऱ्यांचा खच पडला. आदेशचा एक मित्र तिकडचा, त्यानं पोतं भरून पाठवल्या. निम्म्यांचं लोणचं घातलं, निम्म्या मी सॅकमध्ये भरून जिना चढले. हरिहरला चार दिल्या. तो म्हणाला, "मैडम, ये सब पहाड़ पर ले जाना है क्या?"

विक्रमनं परवा सगळ्यांना बागेत बोलावलं होतं. बूट तपासले, कामं वाटली. मग त्यानं विचारलं, "सबसे पीछे कौन चलेगा?" मी तोंड उघडायच्या आत स्नेहानं हात वर केला. हो, तीही येते आहे, कोर्टाला सुट्ट्या लागतील तेव्हा. म्हणाली, "भैया, बचपन से यही नियम सुन-सुनकर बड़ी हुई हूँ। आख़िरी मैं रहूँगी।" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिट्टी माझ्या पिशवीत होती. मला ती सर्वांसमोर तिच्या हातात द्यावी लागली.

आणि या चौदा जणांत सगळ्यात सावकाश चालणारी कोण, ते तुला कळलंच असेल.

आता एक सांगते ते तुझ्यापाशीच ठेव. माझं नुसतं बीपी नाही. दीड वर्षापूर्वी माझ्या हृदयात स्टेंट बसवला आहे. तुला कळवलं नाही, कारण तू काठी टेकत गाडीत बसली असतीस आणि इथे येऊन थडकली असतीस. जबडा दुखत होता म्हणून मी आधी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, बघ माझी अक्कल. घरच्यांना स्टेंटचं माहीत आहेच. मी फुलपात्र उचलायला गेले तरी आदेश "राहू दे, राहू दे" करतो.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोंगराचं म्हणत असाल तर आधी पट्ट्यावर चालण्याची तपासणी करून घ्या. मी १८ एप्रिलला जेवणाच्या सुट्टीत गुपचूप जाऊन केली. सहाव्या मिनिटाला त्यांनी पट्टा बंद केला. कागद बघून म्हणाले, "फ़िलहाल पहाड़ भूल जाइए। पहले दोबारा जाँच करेंगे।" तो रिपोर्ट माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे, सिग्नलच्या नकाशांखाली. घरी सांगितलं, सगळं नॉर्मल. विक्रमच्या फॉर्मवर एक रकाना होता: हृदयविकार आहे का? मी "नहीं" लिहिलं आणि खाली सही केली.

आमच्या खात्यात नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी काय शिकवते, ठाऊक आहे? यंत्रात काहीही बिघडलं तरी सिग्नल लाल पडला पाहिजे. बिघाड होऊन हिरवा राहिला तर त्याच्याएवढा मोठा गुन्हा नाही. हे मी वीस वर्षं शिकवते आहे.

तरी मला जायचंय, अनघा. मला मनापासून, हट्टानं जायचंय. एकदा वर जाऊन कुणालाही मागे न ठेवता खाली यायचंय. का ते विचारू नकोस. सावकाश जाईन, गोळ्या बरोबर घेईन, दुखलं तर थांबेन. काही होणार नाही.

स्नेहाला या रिपोर्टचं काही माहीत नाही. तू कुणाला बोलणार नाहीस याची खात्री आहे. तू माझ्याविरुद्ध कधीच बोलली नाहीस.

तुझी,
चारू


आलमबाग, लखनौ
गुरुवार, २३ मे २०२४

अनघा,

नमस्कार. हे पत्र शाळेत उघडू नकोस. घरी जा, पाय वर घेऊन बस, मग वाच. बोकाही जवळ असू दे.

तुझं ६ मेचं पत्र मला १० तारखेला, शुक्रवारी, ऑफिसात मिळालं. चार ओळींचं. इतकं छोटं पत्र तू जन्मात लिहिलं नसशील. "स्नेहाला रविवारपर्यंत सांग. नाहीतर मी तिला फोन करीन, आणि मला फोनवर बोलणं किती आवडतं ते तुला माहीत आहे. मी मूर्खपणानं 'पुढे हो' म्हटलं आणि तुला जन्मभर बोचलं. ते तू आपल्या पोरीला देऊ नकोस." मी ते रिपोर्टवर ठेवलं आणि ड्रॉवर लावून घेतला. शनिवारी सांगितलं नाही. रविवारी सकाळी चहा पिताना सांगणार होते, तर स्नेहा बूट घालून दारात उभी. "चलिए आई, आज मैं आपके पीछे चलूँगी। प्रैक्टिस।"

गेलो. सॅक घेऊन मी पुढे, ती मागे, गळ्यात शिट्टी. पहिल्या पाच फेऱ्या छान झाल्या. सहाव्या फेरीला निम्म्या जिन्यावर माझा जबडा धरला. मग डावा हात जड झाला. मी कठड्याला टेकले. घाम असा सुटला की पायरी दिसेना. पण डोक्यात एकच: हिला कळता कामा नये. रविवार आहे, संध्याकाळी हिला शांतपणे सांगेन, पण असं नाही. मी तोंडावर हसू आणलं आणि म्हटलं, "स्नेहा, तू पुढे हो. मी आलेच."

ती हलली नाही. माझ्याहून एक पायरी खाली उभी राहिली.

"अगं, हो ना पुढे. बुटाची नाडी सुटली आहे माझी."

"नहीं।"

"स्नेहा!"

"अनघा मावशी ने भी यही बोला था ना आपको? और आप चली गई थीं।" ती ओरडली नाही. अगदी हळू बोलली. "मैं नहीं जा रही, आई।"

मी खाली बसले. आणि त्या जिन्यावर, लोक एस्केलेटरनं शेजारून वर जात असताना, माझ्या तोंडून निघून गेलं, "ती नव्हती म्हणाली गं."

अनघा, तू नव्हतीस म्हणाली.

आता लिहितेच. थांबले तर पुन्हा सत्तावीस वर्षं जातील.

१९९७, जानेवारी. शेवटची मी होते, कारण माणिकदादा नेहमी मलाच शेवटी ठेवायचा. चारू दमदार आहे, चारू मागे राहील. दोन वर्षं सगळे माथ्यावरून सूर्यास्त बघून उतरायचे आणि मी कुणाच्या तरी पायातला गोळा चोळत खाली बसलेली. त्या दिवशी तुला बारीक ताप होता. तू तो दादाला सांगू दिला नव्हतास. वरच्या दरवाजाच्या खाली, कातळातल्या पायऱ्यांवर तू बसलीस. पोटऱ्यांत गोळे आले होते. ऊन उतरायला लागलं होतं. वर परशुरामाच्या देवळापाशी सगळ्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "अनघे, मी दहा मिनिटांत वर जाऊन येते. तू इथेच बस."

तू माझा हात धरलास. तू म्हणालीस, "थोडं थांब ना गं, चारू."

हेच म्हणालीस. एवढंच. मी हात सोडवून घेतला आणि गेले. सूर्यास्त पाहिला. फार सुंदर होता, खोटं कशाला सांगू. दहा मिनिटांची चाळीस झाली. खाली आले तर तू पायरीवर नव्हतीस. अंधारून येत असताना आम्हाला तू खालच्या कातळावर सापडलीस. पाय दुमडलेला, डोकं फुटलेलं.

माझी वाट बघून तू उठली असशील. भीती वाटली असेल. मला गाठायला निघाली असशील. हे मी रोज बघते, पण नक्की काय झालं ते कुणालाच माहीत नाही. तुला तर दुपारच्या भाकरीनंतरचं काहीच आठवेना. दवाखान्याच्या व्हरांड्यात माणिकदादानं माझे खांदे धरून विचारलं, "तू तिला सोडलंस कशी?" आणि मी म्हटलं, "तीच म्हणाली, तू पुढे हो." विचार करून नाही म्हटलं. तोंडातून आलं. पण त्या रात्री वही माझ्याकडे आली, नियमाप्रमाणे. तेव्हा मात्र मी विचार करून लिहिलं. निळ्या शाईनं, तुझ्या नावापुढे अवतरणचिन्हं घालून.

महिन्यानं तू ती वही वाचलीस. प्लास्टरमध्ये पाय, आणि माझा हात धरून मला म्हणालीस, "माझ्यामुळे तुला किती ऐकून घ्यावं लागलं गं." मी रडले. सगळ्यांना वाटलं मैत्रिणीसाठी रडते आहे. त्यानंतर मी डोंगराकडे फिरकले नाही, आणि सगळ्यांना तेही माझं मोठेपण वाटलं. मग लग्न झालं, बदल्या झाल्या, भुसावळ, झाशी, लखनौ. दरवर्षी तुझं पत्र यायचं की शिबिरात पोरांना तुझ्या मूर्खपणाची गोष्ट सांगितलीस. माझ्या अक्षरातलं वाक्य तू सत्तावीस वर्षं स्वतःचं म्हणून सांगत आलीस. मी वाचायचे, घडी घालायचे, आणि बोक्याची चौकशी करणारं उत्तर लिहायचे.

तर तो जिना. स्नेहानं माझ्या पिशवीतून गोळी काढून जिभेखाली ठेवली. तिला जागा माहीत होती, मला आजवर माहीत नव्हतं की तिला माहीत आहे. हरिहर खुर्ची घेऊन आला. घाबरून त्याला दुसरं काही सुचेना, तोच म्हणाला, "मैडम, एस्केलेटर चालू था।" दुखणं ओसरायला सात-आठ मिनिटं लागली. स्नेहा शेजारच्या पायरीवर बसून होती. मी तिला सगळं सांगितलं: साल्हेर, रिपोर्ट, फॉर्म, ड्रॉवर.  ती म्हणाली, "मतलब मेरे साथ भी वही होने वाला था। और मैं पूरी ज़िंदगी बोलती रहती, आई ने कहा था आगे जाओ।"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. आदेश ओरडला, मग कपाटामागे उभा राहून रडला. बुधवारी पुन्हा अँजिओग्राफी झाली. स्टेंट नीट आहे, शेजारची एक बारीक शाखा अरुंद झाली आहे. गोळ्या वाढवल्या. मी डॉक्टरांना लाज सोडून विचारलं, आता डोंगर? त्यांनी कागद पुन्हा एकदा उलटले. मग म्हणाले, जीप जिथवर जाते तिथून पहिल्या गावापर्यंत, अगदी सावकाश. त्याच्या वर एक पाऊल नाही. गावाचं नाव खाती.

शनिवारी मी स्नेहाला घेऊन अमीनाबादेत विक्रमच्या दुकानी गेले आणि गिऱ्हाइकांसमोर सांगितलं की फॉर्मवर मी खोटं लिहिलं. त्यानं हातातला कापडाचा तागा तसाच खाली ठेवला. "दीदी, फ़ॉर्म हम किसलिए भरवाते हैं? ऊपर आपको कुछ हो जाता तो मैं इस लड़की को क्या मुँह दिखाता?" मी म्हटलं, नाव काढून टाक. त्यानं काढलं नाही. नवा फॉर्म दिला, माझ्यासमोर भरून घेतला, डॉक्टरांची चिठ्ठी टाचली. मी खातीपर्यंत जाईन. तिथे त्याच्या ओळखीचं एक घर आहे, त्या घरच्या बाईंच्या सोबतीनं पाच दिवस राहीन. बाकीचे पिंडारीला जाऊन येतील.

उरली स्नेहा. ती म्हणत होती, मीही खातीतच थांबणार, आख़िरी हूँ तो आख़िरी के साथ रहूँगी. मी म्हटलं, तुझ्या पुढे अजून बारा माणसं आहेत, त्यांच्यातही कुणीतरी सावकाश चालणारं असेल. मला घर आहे, माणूस आहे, तू जा. वाद दोन दिवस चालला. काल संध्याकाळी ती तुझी वही घेऊन माझ्यासमोर बसली. वकील झाली आहे ना, तोंडी काही मानत नाही.

"लिखकर दीजिए। अपने हाथ से। तारीख़ डालकर।"

मी लिहिलं. "मी, चारुलता दाबके, पूर्ण शुद्धीवर आणि खरं सांगून लिहिते की खातीच्या पुढे मी जाणार नाही. स्नेहा, तू पुढे हो." खाली सही, तारीख. स्नेहानं वाचलं, आदेशची साक्षीदार म्हणून सही घेतली आणि वही तिच्या सॅकमध्ये ठेवली. मग कितीतरी दिवसांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

हे वाक्य मी आयुष्यात दोनदा लिहिलं. या खेपेला ते माझं होतं.

शिट्टी सोबत पाठवते आहे. स्नेहाला नवी घेतली. ही तुझ्याकडे हवी होती, त्या दिवशी पायरीवर. मी वाऱ्याला कान देऊन ऐकली असती. निदान असं आता म्हणते तरी.

जूनच्या शिबिरात साल्हेरची गोष्ट जरूर सांग. पण खरी सांग. माझ्या नावानिशी सांग. माणिकदादालाही हे पत्र दाखव, आणि जुन्या वहीतल्या त्या पानावर माझ्या वाक्याखाली तुझ्या अक्षरात लिही की तू काय म्हणाली होतीस. मी माफी मागत नाही, कारण तू ती लगेच देऊन टाकशील. तू तशीच आहेस आणि मी आजवर त्याच्यावरच जगले. या खेपेला घाई करू नकोस. रागाव. पत्र फाड. बोलू नकोस माझ्याशी वर्षभर. मी खातीतल्या अंगणात बसेन, आणि तू जितका वेळ घेशील तितका वेळ बसेन.

तू थांब म्हणालीस तेव्हा न थांबलेली,
चारू